सरखेल छावणीत, आरमार बंदरात

१२ फेब्रुवारी १७५६, दुपारी चारचा सुमार. विजयदुर्गाच्या तटाखाली, वाघोटनच्या खाडीत नांगरून ठेवलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या एका मोठ्या जहाजावर इंग्रजांचा कुलपी गोळा येऊन पडला. रात्र व्हायच्या आत मराठ्यांकडचं सर्वांत बळकट लढाऊ आरमार जळून गेलं होतं. ‘नानासाहेब पेशव्यांनी आरमार बुडवलं’ हे एक वाक्य आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं आणि तेवढ्यावर विषय मिटतो. वाक्य खरं आहे, फक्त ते फार लवकर संपतं.

महाडच्या माणसाला या प्रकरणात आणखी एक गोष्ट खुपते. विजयदुर्ग इथून केवढा तरी लांब, पार देवगड तालुक्यात. तरी त्या जळिताचा हिशेब चुकता झाला तो आमच्या सावित्रीच्या खाडीत. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते आणि खाडीवाटेने पन्नासेक किलोमीटर पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. मोठी गलबतं दासगावला थांबायची, लहान होड्या भरती साधून महाडपर्यंत यायच्या. घाट उतरून आलेल्या बैलांवरचा गूळ, मिरची, हिरडा खाली जायचा. मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढायचा. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेला आले तेसुद्धा ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरला आणि तिथून खाडीने दासगावला. थोडक्यात, बाणकोट ज्याचं त्याच्या ताब्यात महाडची जलवाट. ती वाट १७५६ साली कुणाकडे गेली आणि का, हे समजून घ्यायचं तर त्या दुपारकडे मागून चालत यावं लागतं.

चौतीस वर्षं आधी : डिसेंबर १७२१

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासमोर तेव्हाही इंग्लंडच्या राजाची जहाजं उभी होती. कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार लढाऊ जहाजं घेऊन आला होता. जोडीला मुंबईची ईस्ट इंडिया कंपनी आणि पोर्तुगीज. समोर सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे. हा हल्ला साफ फसला. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत भाला घुसला. हाच मॅथ्यूज पुढे अ‍ॅडमिरल झाला आणि १७४४ मध्ये तुलोंच्या लढाईत इंग्रजांच्या भूमध्य समुद्रातल्या आरमाराचा सेनापती होता; म्हणजे कुलाब्याला आलेला माणूस अगदीच ऐरागैरा नव्हता.

कुलाबा टिकला तो तटामुळे आणि कान्होजींमुळे, हे तर खरंच. पण किनाऱ्यावर त्या दिवशी पिलाजी जाधवरावांचे घोडेस्वार सरखेलाच्या बाजूने उभे होते, आणि थोरल्या बाजीरावांनी पोर्तुगिजांशी वेगळा तह करून इंग्रजांना एकटं पाडलं. आरमार सरखेलाचं, फौज छत्रपतींची, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला. पुढचं सगळं वाचताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं.

सत्तावीस वर्षं आधी ते दोन वर्षं आधी

१७२९ मध्ये कान्होजी गेले. चारच वर्षांनी, जंजिऱ्याच्या मोहिमेच्या ऐन धामधुमीत, त्यांचा कर्ता मुलगा सेखोजी गेला. मग भाऊबंदकी. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाला. पेशवे मध्यस्थ म्हणून आले आणि वाटणी पक्की करून गेले: ‘सरखेल’ हा किताब संभाजीला, ‘वजारतमाब’ मानाजीला. एका आरमाराची दोन झाली. शिवाय पेशव्यांचं स्वतःचं निराळं आरमार उभं राहिलं, ते तिसरं.

१७४२ मध्ये संभाजी वारल्यावर सरखेली तुळाजीकडे आली. माणूस जबर. १७४५ मध्ये त्याने सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट घेतले. कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ नावाचं लढाऊ जहाज पकडून आपल्या ताफ्यात घातलं. १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांवर तुटून पडला. त्याचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय समुद्रात जाणारं जहाज तो आपलं भक्ष्य समजत असे. इंग्रज त्याला चाचा म्हणत. दस्तकं त्यांचीही होती, हा भाग वेगळा. तरी तुळाजीला निव्वळ बळी ठरवण्यात अर्थ नाही. तो पेशव्यांना जुमानत नसे, देणं थकवत असे, सावंतवाडी, कोल्हापूर आणि प्रतिनिधींच्या मुलखातही हात मारत असे. विजयदुर्गावर संकट आलं तेव्हा त्याच्या मदतीला धावेल असा एकही शेजारी त्याने किनाऱ्यावर शिल्लक ठेवला नव्हता. कुलाब्याचा भाऊ मानाजीसुद्धा नाही.

अकरा महिने आधी : १९ मार्च १७५५

पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बुर्शिए यांच्यात करार झाला. तुळाजीचे किल्ले जिंकून पेशव्यांना द्यायचे, समुद्रावरचं काम इंग्रजांनी करायचं. मोबदल्यात इंग्रजांना हवं होतं बाणकोट, म्हणजे हिम्मतगड, आणि आसपासची गावं.

रामाजीपंत हुशार मुत्सद्दी होते. वसूल, ठाणी, शिबंदी यांत त्यांचा हात धरणारा कोकणात कुणी नसेल. या करारात मात्र एक गोष्ट राहून गेली. मोहिमेत समुद्रावर हुकूम कुणाचा चालणार हे त्यांनी न भांडता समोरच्याला देऊन टाकलं. पेशव्यांच्या बाजूने आरमारी सल्ला देणारा सरखेलाच्या तोडीचा माणूस या वाटाघाटीत होताच कुठे? होता तो एकच, आणि त्याच्याविरुद्धच करार चालला होता.

दहा महिने आधी : एप्रिल १७५५

कमोडोर विल्यम जेम्स, कंपनीच्या आरमाराचा मुख्य, ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज घेऊन सुवर्णदुर्गासमोर आला. सोबत पेशव्यांच्या गुराबा आणि गलबतंही होती, संख्येने इंग्रजांपेक्षा किती तरी जास्त. ती मागेच रेंगाळली. तोफांच्या टप्प्यात शिरला तो जेम्स. एक कुलपी गोळा किल्ल्यातल्या शाकारलेल्या घरावर पडला, आग लागली, पसरत दारूकोठारापर्यंत गेली, कोठार उडालं. दोन-तीन दिवसांत सुवर्णदुर्ग पडला.

८ एप्रिलला ताफा बाणकोटला आला. सुवर्णदुर्गाची खबर आधीच पोचली होती. पहिल्याच निरोपाला किल्ला खाली झाला. एकही गोळा न उडवता सावित्रीचं मुख कंपनीच्या हातात गेलं. किल्ल्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असं नवं नाव पडलं. महाडच्या व्यापाऱ्यांना ही बातमी कधी कळली असेल? खाडीने वर येणाऱ्या पहिल्या गलबताबरोबर, म्हणजे एक-दोन भरत्यांत.

रामाजीपंत इतके खूश झाले की पुढे दाभोळवर चाल करावी म्हणून त्यांनी जेम्सला दोन लाख रुपये देऊ केले. मुंबईकरांनी पावसाळा तोंडावर आहे म्हणून नकार दिला आणि जहाजं परत बोलावली. तुळाजीला एक पावसाळा मिळाला. त्या पावसाळ्यात तो कुणाशी तरी जुळवून घेऊ शकला असता.

तीन महिने आधी : नोव्हेंबर १७५५

आता खरा अ‍ॅडमिरल येतो. रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉट्सन, वय ४१, पूर्वी काही काळ न्यूफाउंडलंडचा गव्हर्नर, पूर्वेकडच्या समुद्रातल्या शाही आरमाराचा प्रमुख. जहाजांची डागडुजी करायला मद्रासकडून मुंबईला आला. त्याच्या थोडं आधी रॉबर्ट क्लाइव्ह विलायतेहून तोफखाना आणि गोरी पलटण घेऊन उतरला होता. क्लाइव्हला धाडलं होतं दख्खनमध्ये फ्रेंचांशी लढायला; तिकडे इंग्रज-फ्रेंचांचा तात्पुरता तह झाला आणि पलटण बिनकामाची मुंबईत बसून राहिली. बसलेल्या सैन्याला काम लागतं. विजयदुर्ग समोर होताच.

वॉट्सनचा अधिकार नीट समजून घ्यायला हवा. तो कंपनीचा नोकर नव्हता. त्याची सनद इंग्लंडच्या राजाची. मुंबईचा गव्हर्नर त्याला विनंती करू शकत होता, हुकूम नाही. आणि जहाजं बंदराबाहेर पडली की त्याच्यावर कुणीच नाही. क्लाइव्हच्या पलटणीने कधी उतरायचं, जेम्सच्या जहाजांनी कुठल्या रांगेत राहायचं, तह ऐकून घ्यायचा की धुडकावायचा, सगळं एका माणसाच्या तोंडून. आपल्याकडे सरखेलाची सनदही छत्रपतींचीच. पण शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यापासून त्या सनदेमागे उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं.

दोन महिने आधी : डिसेंबर १७५५

जेम्स गुपचूप विजयदुर्ग पाहून आला. पाण्याची खोली मोजली, तट न्याहाळला. मुंबईत या किल्ल्याची दहशत अशी की तो डोंगराएवढा उंच आणि अभेद्य असल्याच्या कहाण्या चालत. जेम्सने येऊन सांगितलं, तसं काही नाही. मोठी जहाजं तटाच्या जवळ जाऊ शकतात, आणि जमिनीकडच्या बाजूला अशा टेकड्या आहेत की तिथून किल्ल्यात गोळे टाकता येतील. पस्तीस वर्षांची भीती एका पाहणीत उतरली. इकडे पेशव्यांच्या फौजा रामाजीपंत आणि खंडोजी माणकर यांच्याबरोबर अंजनवेल, गोवळकोट ही तुळाजीची ठाणी घेत दक्षिणेकडे सरकत होत्या.

एक आठवडा आधी

निघण्यापूर्वी मुंबईत बैठक बसली. विषय : लुटीची वाटणी. किल्ला घेतला नव्हता, तोफ उडाली नव्हती, पण कुणाला किती हे कागदावर उतरलं. एक अष्टमांश हिस्सा दोन अ‍ॅडमिरलांचा. त्यातले दोन तृतीयांश वॉट्सनला आणि एक तृतीयांश दुय्यम अ‍ॅडमिरल जॉर्ज पोकॉकला. क्लाइव्हला शाही जहाजाच्या कॅप्टनाइतका वाटा. क्लाइव्हच्या बाजूचे लोक चिडले, फौजेच्या सेनापतीला जास्त हवं म्हणाले. वॉट्सनने नियम बदलला नाही; फरक हवा तर माझ्या खिशातून भरून देतो म्हणाला. पुढे खरोखरच हजार पौंड देऊ केले, आणि क्लाइव्हने ते घेतले नाहीत, असं नोंदलेलं आहे.

या वाटणीत एक नाव कुठेच नव्हतं. ज्यांचा किल्ला होणार होता, त्या पेशव्यांचं.

पाच दिवस आधी : ७ फेब्रुवारी १७५६

ताफा मुंबईहून निघाला. ‘केंट’ ७० तोफांचं, वॉट्सनचं निशाण त्यावर. ‘कंबरलँड’वर पोकॉक. ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’, ‘ब्रिजवॉटर’, ‘किंगफिशर’. कंपनीची ‘प्रोटेक्टर’ आणि इतर. शिवाय पाच गरनाळी गलबतं, आणि खरी भीती त्यांचीच. लहानसं, बसकं जहाज. मध्यभागी जाड आखूड गरनाळ तोंड आभाळाकडे करून बसवलेली. साधी तोफ तटावर गोळा आदळते. गरनाळीतला कुलपी गोळा पोकळ, आत दारू, बाहेर जळती वात. तो तटाच्या डोक्यावरून कमान घेऊन आत पडतो आणि मग फुटतो. तट कितीही जाड असो, वरून येणाऱ्या गोळ्याला त्याची अडचण नसते. क्लाइव्हकडे आठशेच्या आसपास गोरे, आणि त्यांखेरीज देशी शिपाई.

चोवीस तास आधी : ११ फेब्रुवारी

ताफा विजयदुर्गासमोर आला. पेशव्यांच्या काही गुराबा आणि चाळीसेक गलबतं उत्तरेकडच्या खाडीत येऊन थांबली होती. त्यांनी शेवटपर्यंत फारसं काही केलं नाही. पेशव्यांची फौज खाडीच्या आतल्या अंगाला, किल्ल्याच्या पूर्वेला उतरली होती.

आणि तुळाजी? तो किल्ल्यात नव्हता. किल्ला भावाच्या ताब्यात देऊन तो मराठ्यांच्या छावणीत गेला होता, रामाजीपंतांशी बोलणी करायला.

इथे मी नेहमी थबकतो. तुळाजीच्या जागी ठेवून पाहा. एका बाजूला राजाची जहाजं, दुसऱ्या बाजूला आपलीच माणसं. त्याने आपल्या माणसांकडे जाणं पत्करलं. यात चूक काय? किल्ला इंग्रजांऐवजी पेशव्यांना देऊन टाकला असता तर कदाचित आरमार वाचलं असतं. रामाजीपंतांच्या मनातही तेच घोळत असावं. राजकारण म्हणून हा शेवटचा शहाणपणाचा डाव होता. पण त्याने आरमार मागे ठेवलं, ते कुणाच्या हुकुमात? किल्ला तरी भाऊ सांभाळत होता. जहाजं किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना दोरखंडांनी बांधून, एका घोळक्यात उभी होती. ‘रिस्टोरेशन’ त्यांतच. आठेक मोठ्या गुराबा: दोन-तीन डोलकाठ्या, बसकी नाळ पुढे निघालेली, तिच्यावर समोरच्या समोर मारा करणाऱ्या तोफा. साठेक गलबतं, वाऱ्यावाचून वल्ह्यांवर धावणारी. ही जहाजं मोकळ्या पाण्यात पाठलाग करायला बांधलेली. शत्रूच्या मागच्या अंगाला येऊन शिडं आणि डोलकाठ्या उडवायच्या, मग चारही बाजूंनी चढायचं, ही त्यांची रीत. कान्होजींपासून चाळीस-पन्नास वर्षं हे गणित जमलं होतं. बंदरात बांधून ठेवल्यावर त्यातलं काही म्हणजे काही करता येत नव्हतं. निसटून जाऊ म्हटलं तरी आधी दोरखंड तोडायचा हुकूम कुणीतरी द्यायला हवा.

सहा-सात तास आधी : १२ फेब्रुवारी, सकाळ

वॉट्सनने किल्ला सोडण्याचा निरोप पाठवला. उत्तर आलं, किल्ला हवा तर लढून घ्या. छावणीतूनही माणसं आली, थोडा वेळ द्या म्हणत. वॉट्सनला वास आला : वेळ मागताहेत तो किल्ला पेशव्यांना सोपवण्यासाठी. आणि तसं झालं तर लूट गेली. त्याने वेळ नाकारला.

त्याला हल्ला लगेच करता आला नाही, कारण वारा. फेब्रुवारीत कोकणात सकाळी मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. शिडाच्या जहाजाला त्याच्याविरुद्ध खाडीत शिरणं अवघड. दुपारी खारा वारा सुटेपर्यंत थांबणं भाग. तुळाजीच्या लोकांना हे पक्कं ठाऊक असणार. किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. ती सकाळ हाताशी होती. बोलणी सुरूच राहिली.

तीन तास आधी : दुपारी एक

खारा वारा लागला. दीडच्या सुमारास नांगर उचलले गेले. जहाजं दोन रांगांत आत शिरू लागली. मोठी लढाऊ जहाजं किल्ल्याच्या अंगाला, त्यांच्या आडोशाने गरनाळी.

दोन तास आधी : दुपारी दोन

तोफा सुरू झाल्या. तटावरूनही उत्तर येत होतं, पण इंग्रजांच्या एकेका बाजूला तीस-तीस तोफा आणि अंतर अगदी थोडं. गरनाळी किल्ल्याच्या आत आणि बंदरात गोळे टाकत राहिल्या. दोन तास हेच.

चार वाजता

चार वाजून गेल्यावर थोड्याच वेळात एक कुलपी गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. आग लागली. जहाजावर काय काय जळतं ते पाहा : सुती शिडं, काथ्याचे दोर, फटी बुजवायला भरलेलं तेल-डांबर, आणि खाली दारू. समुद्रावरून येणारा वारा ज्वाळा आत ढकलत होता. शेजारची गुराब दोराने बांधलेली, तिला आग. तिच्या शेजारी दुसरी. सगळी एकत्र बांधलेली होती म्हणून सगळी एकत्र जळाली.

कंपनीचंच जहाज, कंपनीच्याच ताफ्याने जाळलं, आणि त्या आगीत आंग्र्यांचं आरमार गेलं. हा भाग कुणी नाटकात लिहिला असता तर आपण ओढूनताणून केलंय म्हटलं असतं.

अडीच तास नंतर : संध्याकाळ

सहा ते सातच्या दरम्यान किल्ल्यातही आग लागली आणि तोफा थंडावल्या. खाडीत जळकी लाकडं भरतीबरोबर फिरत होती. बंदराकडे पाहण्यात वॉट्सनला आता रस नव्हता. त्याची नजर मराठ्यांच्या छावणीवर.

पाच तास नंतर : रात्री नऊ

क्लाइव्हची फौज किनाऱ्यावर उतरली आणि किल्ला व पेशव्यांची छावणी यांच्या मधल्या जागेत जाऊन बसली. शत्रू किल्ल्यात होता, दोस्त छावणीत. क्लाइव्हने तोंड दोस्ताकडेही वळवलेलं होतं. गरनाळी रात्रभर चालूच होत्या.

१३ फेब्रुवारी

उजाडल्यावर पुन्हा निरोप गेला. किल्ल्यातून उत्तर आलं, धनी इथे नाहीत, त्यांच्या आज्ञेवाचून आम्ही काही करू शकत नाही, उद्यापर्यंत थांबा. हे उत्तर खरं होतं आणि त्यातच सगळी शोकांतिका होती. ज्याच्या आज्ञेची वाट पाहायची तो कोसभर अंतरावर पेशव्यांच्या राहुटीत, आता पाहुणा की कैदी हेही धड कळत नव्हतं. रामाजीपंतांकडे वॉट्सनने तुळाजीला मागितलं. त्यांनी दिलं नाही.

दुपारी चारला पुन्हा मारा. थोड्या वेळात पांढरं निशाण वर आलं, पण इंग्रजांना आत घ्यायला तयारी नाही. पुन्हा मारा. सव्वापाचच्या सुमारास आतल्यांनी दया मागितली. त्या संध्याकाळी किल्ल्यावर इंग्रजी निशाण चढलं. मराठ्यांचे काही अधिकारी आत शिरू पाहत होते. कॅप्टन बुकॅननला वाट दे म्हणून ८०,००० रुपयांची हुंडी दाखवली गेली. त्याने नाकारली, आणि कंपनीने पुढे त्याला सोन्याचं पदक दिलं. ऐंशी हजारांत किल्ला परत मिळवू पाहणारा जो कुणी होता, त्याला संकट कळलं होतं, फक्त एक दिवस उशिरा.

इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसच्या आसपास. लूट दहा लाख रुपयांवर, शिवाय दोनशेवर तोफा. पेशव्यांना त्यातला छदाम मिळाला नाही.

तुळाजीचं कुटुंब किल्ल्यातच सापडलं : आई, दोन बायका, मुलं. वॉट्सनचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याने ती भेट लिहून ठेवली आहे. आता आम्हाला कुणी नाही, असं म्हातारी म्हणाली. वॉट्सनने मला वडीलधारा समजा असं सांगितलं, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाने पुढे होऊन त्याचा हात धरला आणि मग तूच माझा बाप म्हणाला. अ‍ॅडमिरलाचे डोळे भरून आले म्हणतात. आइव्ह्ज त्याचाच माणूस, तेव्हा थोडं कमी करून वाचावं. पण वॉट्सनबद्दल एवढं मानावं लागतं की पुढच्या वर्षी बंगाल्यात अमीचंद या व्यापाऱ्याला फसवायचा खोटा करार समोर आला तेव्हा त्याने सही करायला नकार दिला, आणि ती दुसऱ्यांनी केली. तुळाजी मात्र पुन्हा समुद्रावर आला नाही; मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला.

आठ महिने नंतर : १२ ऑक्टोबर १७५६

करारानुसार विजयदुर्ग पेशव्यांना द्यायचा होता. मुंबईकर देईनात. उलट त्यांनी सुचवलं, विजयदुर्ग आमच्याकडे राहू द्या, हवं तर बाणकोट परत घ्या. नानासाहेबांनी हे मान्य केलं नाही. किल्ला म्हणून त्यांचा निर्णय बरोबर होता. विजयदुर्गासारखं बंदर सोडून बाणकोट कोण घेईल? शेवटी स्पेन्सर आणि बायफील्ड हे दोन वकील पुण्याला आले आणि तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना, बाणकोट दहा गावांसह कायमचं कंपनीला, आणि डचांना पेशव्यांच्या मुलखात व्यापार बंद. त्या गावांत दासगाव आलं. महाडच्या अगदी उंबरठ्यावरचं.

कंपनीला बाणकोट हवं होतं त्याची कारणं वाचताना हसावं की रडावं कळत नाही. चांगली खाडी, जकात, हे तर आहेच. पण मोठं कारण होतं गोमांस. हिंदू राज्याच्या किनाऱ्यावर जहाजांसाठी ते मिळत नसे. बाणकोट भागात मुसलमान वस्ती असल्याने तिथून मिळेल हा हिशेब. पुढे मुंबईच्या पलटणींसाठी याच पट्ट्यातले महार आणि मुसलमान तरुणही भरती होऊ लागले.

वॉट्सन हे सगळं पाहायला इथे नव्हताच. एप्रिलमध्येच तो मद्रासकडे गेला, २ जानेवारी १७५७ ला त्याने कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये चंद्रनगर, आणि १६ ऑगस्ट १७५७ ला कलकत्त्यातच तापाने गेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याच्या स्मारकावर ‘घेरिया’, म्हणजे आपला विजयदुर्ग, कोरलेला आहे. विल्यम जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिलवर नवऱ्याच्या आठवणीत त्रिकोणी बुरूज बांधला, त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्ग. आजही उभा आहे.

पेशव्यांचं आरमार १७५६ मध्ये संपलं असंही म्हणता येत नाही. विजयदुर्गाचा सुभा झाला, पुढे आनंदराव धुळपांकडे आला, आणि १७८३ मध्ये धुळपांनी कंपनीचं ‘रेंजर’ पकडून विजयदुर्गात आणलं. पण धुळप सुभेदार होते, पुण्याच्या हुकुमाचे चाकर. छत्रपतींची सनद हाती घेऊन समुद्रावर स्वतःच्या अक्कलहुशारीने तह आणि लढाई करणारा सरखेल नंतर झाला नाही. पुण्याला तो नको होता, आणि तुळाजीने तो नको वाटावा अशी पुरेशी कारणंही देऊन ठेवली होती.

दासगावला १७७१ मध्ये जेम्स फोर्ब्ज नावाचा कंपनीचा तरुण नोकर प्रकृती सुधारायला येऊन राहिला. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांत अंघोळी केल्या, सावित्रीकाठची चित्रं काढली, आणि आपल्या आठवणींच्या ग्रंथात या जागेचं कौतुक लिहिलं. पलीकडे रायगड मराठ्यांचा, अलीकडे दासगाव कंपनीचं, मधून खाडी. १८१८ च्या एप्रिलात कर्नल प्रॉथर महाडला आला आणि १० मे रोजी रायगड घेतला, तेव्हा महाडला येणाऱ्या पाण्यावर कंपनीचा बासष्ट वर्षांचा ताबा होता.